वॉर्डातून वस्तीकडे : मुंबईतील मेंदूविकार-संशोधनाची वाटचाल

प्रस्तावना

मुंबईच्या आधुनिक इतिहासलेखनात कापडगिरण्या, चाळी, कामगार चळवळ आणि राजकीय आंदोलने यांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. याच शहराच्या मध्यभागी, भायखळ्यापासून शीवपर्यंतच्या पट्ट्यात, विसाव्या शतकात सार्वजनिक रुग्णालयांतून वैद्यकीय ज्ञानाची जी निर्मिती झाली तिच्याकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून तुलनेने कमी पाहिले गेले. मेंदूचे विकार हा या ज्ञाननिर्मितीचा एक महत्त्वाचा भाग होय. डोक्याला बसलेला मार, पक्षाघात, मेंदूतील क्षय, मेंदू व मज्जारज्जूचे आनुवंशिक आणि संसर्गजन्य विकार यांविषयी मुंबईच्या डॉक्टरांनी केलेले लेखन 'ब्रेन', 'लॅन्सेट' यांसारख्या जगन्मान्य नियतकालिकांत १९६०च्या दशकापासून प्रसिद्ध होत आले आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू या कार्याची केवळ जंत्री देणे हा नाही. या संशोधनाचे साधन कोणते होते आणि त्या साधनाची मर्यादा कोणती होती, हे पाहणे हा आहे. महागडी उपकरणे आणि सुसज्ज प्रयोगशाळा हाताशी नसताना हे संशोधन मुख्यतः रुग्णाच्या केसपेपरवर, म्हणजे खाटेजवळ उभे राहून केलेल्या तपासणीच्या काटेकोर नोंदीवर उभे राहिले. परंतु केसपेपर हा रुग्णालयात पोहोचलेल्याचाच असतो. जो पोहोचला नाही, किंवा पोहोचण्यापूर्वीच दगावला, त्याची नोंद तेथे नसते. त्यामुळे वॉर्डातील नोंदीपासून वस्तीतील गणनेपर्यंतचा प्रवास हाच या इतिहासाचा गाभा ठरतो आणि या गणनेत कोण आले व कोण राहून गेले, हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

परळ-भायखळ्याची पार्श्वभूमी

पश्चिम भारतातील पाश्चात्त्य वैद्यकशिक्षणाचे एक आरंभीचे केंद्र म्हणजे भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज. १८४५ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आणि त्याला संलग्न असलेले सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय ही दीर्घकाळ सरकारी संस्था होती. तेथील वरिष्ठ अध्यापनाच्या जागा बहुतांशी युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. या स्थितीला उत्तर म्हणून परळ येथे शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय (१९२५) आणि राजे एडवर्ड स्मारक म्हणजेच केईएम रुग्णालय (१९२६) उभे राहिले. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी येथील अध्यापक सरकारी सेवेतील नसलेले पात्र भारतीयच असावेत, अशी अट घातली होती. महानगरपालिकेच्या या संस्थेची सुरुवातीची दीड दशकांहून अधिक काळची धुरा डॉ. जीवराज मेहता यांनी सांभाळली. हेच मेहता पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. स्वदेशी वैद्यकाचा हा प्रयोग राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात घडला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

परळच का, या प्रश्नाचे उत्तर त्या परिसरातच आहे. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती व पुढे तीच हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध झाली. १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय याच परिसरात सुरू झाले. सभोवती लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत गिरण्या आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या चाळी होत्या. एका खोलीत अनेक माणसे, सूतकताईच्या खात्यातील दमट हवा, पाळ्यांचे काम आणि अपुरा आहार यांमुळे क्षयरोग हा गिरणगावाचा नेहमीचा पाहुणा होता. शेजारून जाणारे दोन रेल्वेमार्ग अपघातांचे रुग्ण आणीत. अशा रीतीने गरीब रुग्णांची अखंड रीघ आणि अध्यापन करणारे डॉक्टर यांची गाठ एकाच ठिकाणी पडली. पुढील संशोधनाची सामग्री या गाठीतूनच निर्माण झाली.

क्षयगाठ की ग्लायोमा : केसपेपरवरील संशोधन

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात मेंदूशल्यक्रिया ही स्वतंत्र शाखा म्हणून आकारास आली. वेल्लोर येथे डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली कार्यास आरंभ केला आणि १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या शाखेचा पाया घातला. १९५०च्या दशकात केईएममध्ये डॉ. होमी दस्तुर यांनी मेंदूशल्यक्रियेचा आणि डॉ. एडी भरुचा यांनी मज्जाविकारांचा विभाग नावारूपाला आणला.

त्या काळातील निदानाची साधने आजच्या वाचकास अत्यंत तोकडी वाटतील. सी.टी. स्कॅन या तंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी इंग्लंडमध्ये १९७१ साली झाली. त्यापूर्वी कवटीच्या आत काय आहे हे थेट पाहण्याची सोय नव्हती. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणचित्र घेणे, किंवा मानेतील रोहिणीत रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांचे चित्र घेणे, एवढीच साधने होती. दोन्ही पद्धती रुग्णाला त्रासदायक होत्या आणि दोन्हींत मेंदूतील गाठ बहुधा प्रत्यक्ष दिसत नसे, तिने सरकवलेल्या भागांवरून तिचा अंदाज बांधावा लागे. म्हणून रुग्णाला विचारलेले प्रश्न, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, हातापायांची ताकद, चालण्यातील तोल, आकडी कोणत्या अवयवापासून सुरू झाली याची माहिती, या सर्वांना निर्णायक महत्त्व होते.

अशा परिस्थितीत मुंबईच्या शल्यविशारदांपुढे एक प्रश्न सतत उभा राहत असे. पाश्चात्त्य ग्रंथांनुसार मेंदूतील गाठ म्हटली की प्रथम ग्लायोमासारख्या अर्बुदाचा विचार करावयाचा. परंतु येथील रुग्णांत क्षयामुळे निर्माण झालेल्या गाठी वारंवार आढळत. डोकेदुखी, उलट्या, आकडी, दृष्टी मंदावणे ही लक्षणे दोहोंतही सारखीच असत. परिणाम मात्र अगदी भिन्न होते. क्षयगाठ ही औषधांना प्रतिसाद देणारी व्याधी होती, तर ग्लायोमाचे भवितव्य बहुतेक वेळा निराशाजनक असे. डॉ. होमी दस्तुर आणि डॉ. अनिल देसाई यांनी या दोन विकारांच्या प्रत्येकी १०७ केसपेपरांचा तौलनिक अभ्यास करून तो १९६५ साली 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. यात कोणतेही नवे उपकरण नव्हते, कोणताही नवा रासायनिक शोध नव्हता. होते ते केवळ २१४ केसपेपर आणि प्रत्येकात तेच प्रश्न विचारले गेले असल्याची शिस्त. एखाद्या निवासी डॉक्टराने रात्री रुग्णाच्या नातेवाइकांकडून ऐकून लिहिलेली ओळही अनेक वर्षांनी पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, ही जाणीव या पद्धतीमागे आहे. पुढे सी.टी. स्कॅन सर्वत्र उपलब्ध झाल्यावर अनेक क्षयगाठींवर शस्त्रक्रिया न करता केवळ औषधोपचार करणे शक्य झाले. परंतु या देशातील मेंदूची गाठ म्हणजे अर्बुदच नव्हे, ही दृष्टी त्याआधीच्या वॉर्डातील अनुभवाने घडवलेली होती.

जे. जे. रुग्णालयात याच विषयाची दुसरी बाजू अभ्यासली जात होती. तेथील मज्जाविकृतिशास्त्र विभागाचे डॉ. दाराब दस्तुर आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदाणी यांनी मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या क्षयाच्या परिणामांचा दीर्घ अभ्यास केला. क्षयामुळे होणाऱ्या मेंदूआवरणदाहात मेंदूच्या तळाशी जो घट्ट स्राव साचतो, तो तेथून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना वेढतो, त्या आकसतात व मेंदूच्या काही भागाचा रक्तपुरवठा थांबतो. म्हणजे लहान मुलालाही, क्षयाच्या मार्गाने, पक्षाघात होऊ शकतो. आवरणदाह नसतानाही मेंदूला होणाऱ्या क्षयजन्य इजेचे वर्णन या दोघांनी १९७० साली प्रसिद्ध केले. वॉर्डातील निरीक्षण आणि शवविच्छेदनातील निरीक्षण यांची सांगड हे या कार्याचे वैशिष्ट्य होय. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करण्यास संमती देणाऱ्या अनाम पालकांचाही या ज्ञानात वाटा आहे, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

निरीक्षणाची परंपरा : डॉ. नोशीर वाडिया आणि जे. जे. रुग्णालय

डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) इंग्लंडमधील प्रशिक्षणानंतर १९५७ साली मुंबईस परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मज्जाविकारशास्त्राचा विभाग उभारला. २०१२ साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. त्यांच्या संशोधनातील तीन उदाहरणे वॉर्डातील निरीक्षणाचे सामर्थ्य स्पष्ट करतात.

पहिले उदाहरण कवटी आणि मणका यांच्या सांध्याचे आहे. मानेचे पहिले दोन मणके जन्मतःच नीट न जुळल्यास मेंदूचा देठ व मज्जारज्जू यांवर दाब येतो आणि हातपाय हळूहळू निकामी होतात. अशा २८ रुग्णांचा वाडिया यांचा अभ्यास १९६७ साली 'ब्रेन'मध्ये आला. याच सांध्याच्या शस्त्रक्रियेत पुढे केईएमने मोलाची भर घातली. डॉ. अतुल गोएल यांनी या मण्यांच्या बाजूच्या भागांत पट्टी व स्क्रू बसवून सांधा स्थिर करण्याचे तंत्र विकसित केले व १९९४ साली ते प्रसिद्ध झाले. आज या तंत्राच्या आंतरराष्ट्रीय नावात गोएल यांचे नाव समाविष्ट आहे.

दुसरे उदाहरण आनुवंशिक तोल-विकाराचे. वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांनी नऊ कुटुंबांतील रुग्णांत तोल जाण्याच्या लक्षणाबरोबर एक वेगळे चिन्ह पाहिले. या रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जाताना झटकन न वळता अतिशय संथपणे सरकत. १९७१ साली त्यांनी हा विकार स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. या विकाराशी संबंधित जनुक १९९६ साली ओळखले गेले. म्हणजे जनुकशास्त्राने ज्या विकाराला पुढे क्रमांक दिला, त्याची ओळख पाव शतक आधी मुंबईत, रुग्णाच्या डोळ्यांकडे लक्षपूर्वक पाहून झालेली होती.

तिसरे उदाहरण साथीचे आहे. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षी बंगालमध्ये लोकांनी तिला 'जय बांगला' असेच नाव दिले होते. सर्वसाधारणपणे आठवड्याभरात बरी होणारी ही व्याधी. परंतु डोळे बरे झाल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी काही प्रौढ रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळ्याचा विकार आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध जोडण्यासाठी रुग्णाला 'गेल्या महिन्यात डोळे आले होते का' हा साधा प्रश्न विचारण्याची गरज होती. वाडिया व सहकाऱ्यांनी तो विचारला आणि १९७२ साली 'लॅन्सेट'मधून ही गुंतागुंत जगापुढे मांडली.

पक्षाघात : विरघळणारी गुठळी

पक्षाघात किंवा अर्धांगवायू हा मराठी समाजाला जुना परिचित विकार आहे. 'वारं गेलं' या शब्दप्रयोगातच त्याविषयीची हताशता दिसते. वारे गेले की ते परत येत नाही, म्हणून मालिश, तेल, नवस याखेरीज काही करावयाचे उरत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. आधुनिक वैद्यकाची स्थितीही १९६०च्या दशकापर्यंत याहून फार वेगळी नव्हती. रक्तवाहिनी बंद पडली म्हणजे मेंदूचा तो भाग गेला, असेच मानले जाई.

या समजुतीस छेद देणारे एक निरीक्षण डॉ. प्रफुल्ल दलाल आणि त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण पुन्हा केले असता, आधी दिसलेली गुठळी काही रुग्णांत आपोआप नाहीशी झालेली आढळली. शरीर स्वतःच गुठळी विरघळवू शकते, तर तीच क्रिया औषधाने वेळेवर घडवून आणता येईल काय, हा प्रश्न अशा निरीक्षणांतून अधिक धारदार होतो. पुढे तीन दशकांनी, १९९५ साली, अमेरिकेतील चाचणीने लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास रुग्णाचे अपंगत्व कमी होते हे सिद्ध केले. त्या दिवसापासून पक्षाघात ही नशिबाची नव्हे, तर घड्याळाची बाब झाली. रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. आणि येथेच रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचा प्रश्न पुढे येतो : शहरात पक्षाघात होतो किती जणांना, आणि त्यांपैकी पोहोचतात किती?

दारोदारची गणना

वॉर्डात शंभर पक्षाघाताचे रुग्ण दाखल झाले, एवढ्यावरून शहरातील पक्षाघाताचे प्रमाण सांगता येत नाही. त्यासाठी ते रुग्ण किती लोकसंख्येतून आले हे ठाऊक असावे लागते. अंश हाती असतो, छेद नसतो. हा छेद मिळवण्याचा मुंबईतील पहिला मोठा प्रयत्न पारशी समाजात झाला. १९८५ हे वर्ष आधारभूत धरून डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींमधील १४,०१० व्यक्तींची दारोदार पाहणी केली. पद्धत दोन टप्प्यांची होती. प्रथम प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक प्रश्नावली घेऊन घरोघर जात आणि ज्यांच्यात मज्जाविकाराची शंका येई त्यांची तज्ज्ञ डॉक्टर तपासणी करीत. १९८८ साली या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघाताचे रुग्ण दर लाखात ८४२ आढळले. अपस्मार आणि कंपवात यांचीही याच पाहणीत गणना झाली.

हा ८४२चा आकडा प्रथमदर्शनी धक्कादायक वाटतो. परंतु पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. वयाचा हा फरक हिशेबात घेऊन आकडा दुरुस्त केल्यास तो सुमारे निम्म्यावर, दर लाखात ४२४ वर येतो. आकड्यामागील समाजरचना समजून घेतल्याखेरीज आकडा वाचू नये, हा धडा या पाहणीने दिला.

पारशी समाजच का निवडला गेला, याचे उत्तर सामाजिक इतिहासात सापडते. बांधीव वसाहती, स्थिर रहिवास, शिक्षणाचे उच्च प्रमाण, वयाची नेमकी माहिती आणि डॉक्टरांविषयी विश्वास या गोष्टी गणनेस अनुकूल होत्या. दादरची पारशी कॉलनी किंवा लालबागचा नवरोज बाग यांकडे पाहिले असता ही अनुकूलता समजून येते. परंतु त्याच नवरोज बागेच्या सभोवती गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. तेथे एका खोलीत किती माणसे राहतात याची निश्चिती नसे, गडी माणसे पाळीवर असत आणि आजारी माणूस अनेकदा कोकणात वा घाटावर गावी पाठविला जाई. पक्षाघात झालेला कामगार गावच्या ओटीवर दिवस काढी. मुंबईच्या दृष्टीने तो आकड्यातून पुसला जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तर अनेक कुटुंबे शहरातूनच हलली. म्हणजे ज्या वर्षी पारशी वसाहतींत गणना झाली, त्या सुमारास शेजारची वस्ती विस्कटत होती.

दुसरी महत्त्वाची गणना डॉ. दलाल यांच्याच नेतृत्वाखाली जानेवारी २००५ ते डिसेंबर २००६ या दोन वर्षांत झाली. वांद्रे, खार, सांताक्रूझ यांचा समावेश असलेल्या एच विभागातील १,५६,८६१ लोकसंख्येत पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण नोंदविले गेले. वार्षिक प्रमाण दर लाखात १४५ होते. त्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांत मरण पावले. पक्षाघात हा श्रीमंत देशांचा विकार आहे, या समजुतीस या आकड्यांनी उत्तर दिले. तथापि हे क्षेत्रही पश्चिम उपनगरातील होते. ज्या गिरणगावाच्या रुग्णांनी केईएमचे वॉर्ड भरले होते, त्या गिरणगावाची वस्ती या दोन्ही गणनांच्या कक्षेबाहेर राहिली.

डोक्याला मार : नोंदीचे मोल

डोक्याच्या दुखापतीत निदानाइतकेच वेळेचे महत्त्व असते. कवटीच्या आत रक्त साचत असताना रुग्ण काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, चहादेखील पितो आणि नंतर अचानक बेशुद्ध होतो. 'ठीक होता, मग एकाएकी गेला' असे नातेवाईक सांगतात, त्यामागील कारण बहुधा हेच असते. त्याशिवाय प्रत्यक्ष आघातानंतर प्राणवायूची कमतरता आणि घसरलेला रक्तदाब यांमुळे मेंदूची दुसरी इजा होते. पहिली इजा टाळणे डॉक्टरांच्या हाती नसते, दुसरी टाळणे काही अंशी असते. म्हणून तासातासाने रुग्णाची स्थिती नोंदविणे हाच उपचाराचा कणा ठरतो.

या नोंदीला समान भाषा मिळाली ती १९७४ साली. ग्लासगो येथील टीझडेल आणि जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन प्रतिसादांना गुण देऊन ३ ते १५ अशी मोजपट्टी तयार केली. तिच्यासाठी उपकरण लागत नाही. परिचारिकाही ती वापरू शकते. त्यामुळे ती जितकी ग्लासगोला उपयोगी, तितकीच परळ-शीवच्या गर्दीच्या अपघात विभागाला उपयोगी ठरली. 'अर्धवट शुद्धीत' या मोघम शब्दाच्या जागी आकडा आला आणि रात्रपाळीच्या नोंदीची सकाळच्या नोंदीशी तुलना करता येऊ लागली.

मोजणीविना चालत आलेली प्रथा किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण स्टेरॉइड औषधांचे आहे. मेंदूची सूज उतरते या समजुतीने डोक्याच्या दुखापतीत ही औषधे जगभर अनेक दशके दिली जात. ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत १०,००८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध दिलेल्या गटात दोन आठवड्यांत सुमारे २१ टक्के, तर न दिलेल्या गटात सुमारे १८ टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. तीन टक्क्यांचा हा फरक एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या नजरेलाही वॉर्डात दिसला नसता. वैयक्तिक अनुभवाची सीमा कोठे संपते, हे या चाचणीने दाखविले.

मुंबईत या दिशेने झालेला महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे २०१३ ते २०१५ या काळातील अपघात-रुग्णांची बहुकेंद्री नोंदवही. केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचे जयप्रकाश नारायण ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम रुग्णालय या चार सार्वजनिक संस्थांत १६,०००हून अधिक रुग्णांची माहिती एकाच नमुन्यात गोळा केली गेली. रुग्ण आला तेव्हाचा रक्तदाब, श्वसन, शुद्धीचे गुण आणि पुढील परिणाम यांची नोंद झाल्यामुळे कोणते मृत्यू टाळता आले असते, हा प्रश्न प्रथमच पुराव्यानिशी विचारता येऊ लागला. उपनगरी रेल्वेमार्गांवर २०१०च्या दशकातील बहुतेक वर्षांत सुमारे तीन हजार माणसे दगावत होती. त्यांपैकी पुष्कळांचा केसपेपर निघतच नसे, त्यांची नोंद होई ती रेल्वे पोलिसांच्या दप्तरात. या वास्तवाच्या पार्श्वभूमीवर अशा नोंदवहीची गरज आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

वॉर्ड क्रमांक चार : शुद्धी म्हणजे काय?

केईएमच्या इतिहासात एका केसपेपरने वैद्यकाची सीमा ओलांडून न्यायशास्त्रात प्रवेश केला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूस प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या केईएमच्या वॉर्ड क्रमांक चारमध्ये होत्या. वृत्तपत्रे 'कोमा' हा शब्द वापरीत राहिली, पण तो शास्त्रीयदृष्ट्या योग्य नव्हता. कोमात डोळे मिटलेले असतात. या अवस्थेत झोप-जागेचे चक्र चालू असते, डोळे उघडतात, परंतु परिसराची जाण असल्याचा पुरावा मिळत नाही. मेंदूमृत्यू ही तर याहून सर्वस्वी वेगळी अवस्था होय. त्यात मेंदूच्या देठाचे कार्यही थांबते.

हा भेद सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. रूप गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयाचे डॉ. निलेश शहा यांनी रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी केली. तिच्या आधारे ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, परंतु विशिष्ट अटींवर जीवनाधार काढून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. केईएमच्या कर्मचाऱ्यांची सेवा सुरू ठेवण्याची इच्छाही न्यायालयाने विचारात घेतली. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला. देशाच्या कायद्याला वळण देणाऱ्या या प्रकरणातही निर्णायक ठरले ते खाटेजवळचे निरीक्षण. आणि त्याच्यामागे होती चार दशके रोज कूस बदलणाऱ्या, भरवणाऱ्या परिचारिकांची निष्ठा, जी कोणत्याही शोधनिबंधाच्या लेखकयादीत येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मुंबईतील मेंदूविकार-संशोधनाने साधनांच्या अभावाची भरपाई नोंदीच्या शिस्तीने केली. क्षयगाठी व ग्लायोमा यांचे २१४ केसपेपर, नऊ कुटुंबांतील संथ डोळे, नाहीशी झालेली गुठळी, ही सर्व उदाहरणे याची साक्ष देतात. या ज्ञानाचा कच्चा माल गरीब रुग्णांच्या शरीरातून आला आणि त्याची प्रतिष्ठा संस्था व संशोधक यांना मिळाली. यात कोणाचा दोष नसला तरी ऋण निश्चित आहे.

दुसरे असे, की वॉर्डातील नोंद विकाराचे स्वरूप सांगते, पण विकाराचा विस्तार सांगत नाही. तो सांगण्यासाठी घरोघर जावे लागते आणि घरोघर जाणे तेथेच सोपे असते जेथे घरे स्थिर असतात. म्हणून ज्यांचे जीवन अस्थिर, त्यांचा आजार अगणित राहिला. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. जुन्या चाळींतील माणसे विखुरली आहेत. त्या पिढीच्या पक्षाघाताचे, रक्तदाबाचे, डोक्याच्या दुखापतींचे प्रमाण आता मागे जाऊन मोजता येणार नाही.

मात्र जुने केसपेपर, शवविच्छेदनाच्या नोंदवह्या, वॉर्डांची रजिस्टरे हा अजूनही हाती येऊ शकणारा ऐवज आहे. वैद्यक, इतिहास, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र या शाखांच्या अध्यापकांनी रुग्णाची गोपनीयता सांभाळून एकत्र काम केल्यास त्यातून गिरणगावाच्या आरोग्याचा इतिहास काही अंशी पुन्हा उभा करता येईल. पावसाच्या ओलीने आणि वाळवीने हा कागद संपण्यापूर्वी ते होणे आवश्यक आहे. जो समाज मोजला गेला नाही, त्याची निदान जी नोंद उरली आहे ती तरी वाचली जावी.